डोईवरची जट आणि रोजची निगा

(राधानगरी येथे बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. धम्माच्या सभेत शीलावर बोलावे, शिक्षणावर बोलावे, हक्कांवर बोलावे. डोके धुणे आणि केस विंचरणे ह्यांवर बोलणारी ही कोण बाई आली, असे कुणाच्याही मनात यावयाचे. ज्या बंधूंच्या मनात तसे आले असेल त्यांना माझे इतकेच सांगणे आहे की, त्यांनी आपल्या घरातील म्हाताऱ्या आईच्या, आत्याच्या अथवा भावकीतील एखाद्या भगिनीच्या पदराखाली काय दडले आहे ते क्षणभर आठवून पाहावे. आपण दीक्षा घेतली, देव्हारा रिकामा केला, टाक आणि मूर्ती नदीत सोडल्या, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. परंतु पदराखालची जट तशीच राहिली. तिला हात लावण्याची घरात कोणाची छाती झाली नाही. देवी देव्हाऱ्यातून उठली आणि केसांत जाऊन बसली, अशी आपल्या कित्येक घरांची आज अवस्था आहे. म्हणून शरीराच्या रोजच्या निगेविषयी, आणि त्यातही विशेषेकरून ह्या जटेविषयी, मी आपणांशी मोकळेपणाने बोलणार आहे.

प्रथम जट म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. केसाचे मूळ तेवढे जिवंत असते. त्वचेच्या बाहेर जो केस आपणांस दिसतो तो नखासारखा निर्जीव असतो. नख कापताना दुखत नाही, तसा केस कापतानाही दुखत नाही, ह्याचे कारण हेच. प्रत्येक केसावर माशाच्या खवल्यांसारखे अतिशय बारीक पापुद्रे असतात. आता निरोगी माणसाचेही पन्नास ते शंभर केस रोज गळतात. जी बाई रोज विंचरते तिचे गळालेले केस फणीत येतात आणि बाहेर जातात. जी विंचरत नाही तिचे गळालेले केस डोक्यावरच्या केसांत अडकून राहतात. त्यांत घाम, तेल, चुलीचा धूर, शेतातली धूळ मिसळते. पापुद्र्यांत पापुद्रे गुंततात. आणि लोकर भिजवून दाबली म्हणजे तिचा जसा बुरणूस होतो, तसा त्या केसांचा घट्ट दोर होतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्याबरोबर तो दोरही वाढतो. दहा-पंधरा वर्षांत तो कमरेखाली येतो. ह्यात कोणाचे बोलावणे नाही, कोणाचा कोप नाही. बुरणूस तयार होताना कोणती देवी पिंजाऱ्याच्या घरी येते? तीच गोष्ट येथे.

परंतु आपल्या भागात हा साधा गुंता किती जणींच्या आयुष्यावर उठला, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आई पहाटे मजुरीला जाते, दिवेलागणीला परत येते. लहान पोरीचे केस आठ-आठ दिवस विंचरायचे राहतात. मानेच्या वरच्या बाजूला गुंता होतो. शेजारीण पाहते आणि म्हणते, ‘अगं, ही तर यल्लमाची जट!’ त्या क्षणापासून त्या केसांत फणी घालण्यास बंदी होते. जोगतीण येते, जटेला भंडारा लावते, दर मंगळवारी-शुक्रवारी पूजा सुरू होते. न धुतल्यामुळे, न विंचरल्यामुळे गुंता वाढतो, आणि तो वाढला हाच देवीच्या कृपेचा पुरावा मानला जातो! पूर्वी ह्यापुढची पायरी ठरलेली असे. सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन त्या मुलीच्या गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांची माळ बांधावयाची, की ती देवीची झाली. तिचे लग्न व्हावयाचे नाही. जोगवा मागून अथवा कोणाच्या तरी आश्रयाने तिने राहावयाचे, आणि त्यातल्या कित्येक जणींची वाट शेवटी मुंबईच्या कामाठीपुऱ्यापर्यंत जावयाची. केसाने गळा कापणे असा आपल्या भाषेत वाक्प्रचार आहे. ह्या मुलींच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला.

जट कोणत्याही जातीच्या बाईच्या डोक्यात होते, हे खरे. केस जात पाहून गुंतत नाहीत. परंतु जट झाली म्हणून मुलगी देवीला सोडावयाची, हा भार मुख्यतः आपल्या वस्त्यांवर पडला, हेही तितकेच खरे आहे. वाड्यातल्या मुलीच्या डोक्यात गुंता झाला तर तो गुंता, आणि आपल्या मुलीच्या डोक्यात झाला तर ते देवीचे बोलावणे, हा भेद कोणी केला, ह्याचा विचार आपण करावा.

ह्या रूढीविरुद्ध आपल्या मातीत फार पूर्वीपासून लढा झालेला आहे. ज्या गावात आपण जमलो आहोत ते राजर्षी शाहू महाराजांनी वसवले आणि आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव त्यास दिले. त्याच महाराजांनी १९२० मध्ये आपल्या संस्थानात जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेस कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना आपणां सर्वांचे पुढारी म्हणून जाहीर केले, हे आपण जाणताच. पुढे मुंबई इलाख्यात १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा झाला. १६ जून १९३६ रोजी मुंबईस दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी ह्यांच्या सभेत भाषण केले. त्यांची दया करीत ते बोलले नाहीत. हे जिणे सोडा आणि स्वाभिमानाने जगा, असे त्यांनी स्पष्ट बजावले. सोडल्यावर हाल होतील हेही त्यांनी लपवले नाही. १९७५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. सौंदत्ती ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकात १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ च्या अधिनियमाने, मुलगी देवाला सोडणे हा गुन्हा ठरला. आज मुली सोडण्याची चाल पुष्कळ ओसरली आहे. जट मात्र ओसरली नाही. मुलीच्या गळ्यात मणी बांधला तर पोलीस येतील हे ठाऊक झाले. पण डोक्यातल्या गुंत्याला कायदा काय करणार? तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे घरच्याच माणसाचा हात लागतो.

आता निगेच्या व्यापक प्रश्नाकडे वळते. आपणांस पिढ्यान् पिढ्या घाणेरडे म्हणून हिणवण्यात आले. जे हिणवत होते त्यांच्याच हाती विहिरी होत्या, तळी होती, नदीचा वरचा घाट होता. ज्यास पाणी मिळू द्यावयाचे नाही त्यासच ‘तू आंघोळ का करीत नाहीस?’ म्हणून विचारावयाचे, ह्यास चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले ह्यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले ठरले. तरी २० मार्च १९२७ रोजी महाडास बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ओंजळीबद्दल आपल्या माणसांची डोकी फुटली. पुढे तो दावा मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. घागरभर पाणी डोक्यावर ओतून घेण्यामागे एवढा इतिहास आहे. आपण डोके धुतो तेव्हा कोणास बरे वाटावे म्हणून धूत नाही. दहा वर्षे झगडून मिळवलेला हक्क आपण वापरतो, आणि वापरात नसलेली वाट जशी गवताने बुजते तसा न वापरलेला हक्कही बुजतो.

महाडच्याच दुसऱ्या परिषदेच्या वेळी, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी स्त्रियांची निराळी सभा घेऊन त्यांच्याशी कोणत्या गोष्टी बोलल्या, ते नव्या पिढीस फारसे ठाऊक नाही. लुगडे कसे नेसावे, हातात कोपरापर्यंत चांदीच्या-कथलाच्या बांगड्या व गळ्यात सरींचे ओझे का घालू नये, स्वच्छ कसे राहावे, हे त्यांनी सांगितले. तो पोशाख म्हणजे आपल्या जातीची खूण होती. दुरून पाहताच कळावे की ही कोण आहे, म्हणून ती अंगावर लादलेली होती. बाबासाहेबांसारखा मोठा विद्वान, ज्याच्यापुढे राज्यघटनेचे काम पुढे यावयाचे होते, तो बायकांच्या नेसण्याविषयी बोलला, ह्याचे मला फार मोल वाटते. शरीरावरची खूण ही मनावरच्या खुणेचे मूळ असते, हे त्यांनी ओळखले होते. दुसऱ्या दिवशी त्या स्त्रियांनी आपले नेसणे बदलले. पुन्हा २० जुलै १९४२ रोजी नागपुरात स्त्रियांच्या परिषदेपुढे बोलताना त्यांनी पहिली मागणी केली ती स्वच्छतेची. मुलांचे शिक्षण, लग्नाची घाई न करणे, ह्या गोष्टी त्यानंतर आल्या. जट ही तशीच एक खूण आहे. बांगड्या काढणे सोपे होते, कारण त्यांच्याशी भीती बांधलेली नव्हती. जटेशी भीती बांधलेली आहे.

ह्या भीतीवर आपल्या धम्माचे उत्तर काय? विनयपिटकात उरुवेलेच्या काश्यप बंधूंची कथा आहे. हे तिघे भाऊ जटिल, म्हणजे जटा वाढवून अग्नीची पूजा करणारे तपस्वी होते. थोरल्याचे पाचशे, मधल्याचे तीनशे, धाकट्याचे दोनशे असा हजार जटाधाऱ्यांचा त्यांचा परिवार. थोरल्या काश्यपास तथागतांचा धम्म पटला, तेव्हा त्याने व त्याच्या शिष्यांनी आपल्या जटा कापल्या आणि होमाच्या साहित्यासह नदीत सोडून दिल्या. खाली नदीकाठी राहणाऱ्या भावाने पाण्यातून वाहत आलेल्या त्या जटा पाहिल्या आणि भावावर काही संकट तर आले नाही ना, म्हणून तो धावत वर आला. पाहतो तो भाऊ मुंडित, शांत बसलेला. मग त्यानेही जटा सोडल्या, आणि मग तिसऱ्यानेही. ह्या कथेत मला दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली, जटा कापणे अगोदर घडले नाही. मन वळणे अगोदर घडले, कात्री नंतर आली. दुसरी, पहिल्याने जट सोडली ती पाण्याबरोबर दुसऱ्याच्या दारी गेली. आपल्या वाडीत एक बाई मोकळी झाली म्हणजे खालच्या वाडीची बाई तिचे डोके पाहण्यास येतेच येते.

धम्मपदाच्या ब्राह्मणवर्गातही तथागतांनी जटेस, गोत्रास आणि जन्मास एकाच ओळीत बसवून तिघांसही नाकारले आहे. ह्यांपैकी कशानेही माणूस श्रेष्ठ होत नाही, असा त्याचा आशय. जन्माने मोठेपणा येत नाही हे वचन आपल्या सभांतून शंभरदा सांगितले जाते. त्याच्या शेजारचा जटेचा उल्लेख मात्र फारसा कोणी वाचून दाखवीत नाही!

कोणी म्हणेल, बुद्धास शरीराची काय पर्वा? तो तर वैराग्य सांगणारा. ही समजूत चुकीची आहे. हाडे दिसेपर्यंत उपाशी राहून काही साधत नाही हा अनुभव घेऊनच त्यांनी मध्यम मार्ग सांगितला. विनयाचे नियम वाचले तर त्यांत दात घासण्याची काडी आहे, नखे कापणे आहे, आणि वैद्य जीवकाच्या सांगण्यावरून भिक्षूंसाठी गरम स्नानगृहास दिलेली परवानगीही आहे. काडीने दात घासल्याने डोळ्यांस बरे पडते, तोंडास दुर्गंधी येत नाही, चव कळते, अन्न रुचते, असे फायदे तेथे मोजून दिले आहेत. एक भिक्षू अतिसाराने आजारी पडून आपल्याच घाणीत लोळत होता, तेव्हा तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवून त्यास स्वतः धुतले आणि खाटेवर निजवले. ज्याने दुसऱ्याचे शरीर धुण्यात कमीपणा मानला नाही, त्याच्या अनुयायांनी स्वतःचे शरीर धुण्यात आळस का करावा?

बरे, जट कापली तर आंधळेपण येते, वेड लागते, घरात माणूस मरते, ही भीती आपल्याच अडाणीपणाची आहे असे समजून खजील होण्याचेही कारण नाही. युरोपातील पोलंड देशात कित्येक शतके हुबेहूब हीच समजूत होती. तेथील शेतकरी जटेस कोलतुन म्हणत. जट कापली तर रोग उलटून अंगात शिरेल आणि माणूस आंधळा अथवा वेडा होईल, असे तेथेही मानीत. वैद्यकाच्या पुस्तकात जटेस ‘प्लिका पोलोनिका’, म्हणजे पोलंडची गुंतागुंत, असे नाव पडले ते त्यामुळेच. तेथे यल्लमा नव्हती, सौंदत्ती नव्हती. न विंचरलेले केस तेवढे होते. एकोणिसाव्या शतकात क्राकोव शहरातील योझेफ डिट्ल नावाच्या डॉक्टरांनी हा रोग नाही, अस्वच्छतेने झालेला गुंता आहे, असे निक्षून सांगितले आणि ह्या समजुतीविरुद्ध मोहीम केली. पुढे लोकांनी त्यांना शहराचे महापौर केले. जटा कापल्या गेल्या आणि पोलंडचे लोक काही आंधळे झाले नाहीत. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या, त्यांत पुण्याच्या नंदिनी जाधव ह्यांचे नाव अगोदर घ्यावे लागेल, गावोगाव जाऊन, बाईची समजूत घालून, शेकडो स्त्रियांच्या जटा सोडवीत आल्या आहेत.

येथे शहरात शिकणारी तरुण मुले मला विचारतील की, जगात पुष्कळ लोक आपण होऊन केसांच्या जटा करतात, त्यांचे काय? प्रश्न योग्य आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस मुळातच घट्ट कुरळे असतात आणि त्यांचे ‘लॉक्स’ सहज वळतात. जमैका बेटावर १९३० नंतर रास्ताफारी पंथ उदयास आला, त्या लोकांनी गोऱ्यांच्या गुलामगिरीस नकार म्हणून केस तसे ठेवले. अमेरिकेत अशा केसांमुळे काळ्या माणसांना नोकरी नाकारीत, शाळेतून घरी पाठवीत. म्हणून २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने तो भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा पहिल्याने केला. त्यांच्या जटेत आणि आपल्या जटेत दिसण्यात साम्य आहे, पण अर्थ उलट आहे. तेथे माणूस आपल्या खुशीने जट ठेवतो, ती धुतो, वाळवतो, नको वाटली की कापतो. येथे बाईस धुण्याचीही मुभा नाही. माझे भांडण केसांच्या आकाराशी नाही. स्वतःच्या डोक्यास हात लावण्यास बाई भिते, ह्या गोष्टीशी आहे.

म्हणून ज्या भगिनीस आज जट कापावयाची नसेल तिला मी एवढेच विनवीन की, निदान ती धुवावयास तरी सुरुवात करा. आठवड्यातून एकदा शिकेकाईच्या अथवा रिठ्याच्या पातळ पाण्याने मुळाशी बोटे घालून टाळू धुवावी. फेस आत राहू न देता भरपूर पाण्याने खळखळून काढावा. मग जट पंचाने दाबून दाबून पिळावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती पूर्ण वाळवावी. आपला हा मुलूख पावसाचा. दाजीपूरच्या जंगलाकडून आषाढ-श्रावणात जो पाऊस लागतो त्यात दोरीवरचे लुगडे चार-चार दिवस वाळत नाही, तर हाताएवढी जाड जट आतून कशी वाळणार? ओलसर राहिली की आत बुरशी धरते, वास येतो, टाळूवर खाज व फोड येतात. पावसाळ्यात ती दुपारी धुवावी, सकाळी वा रात्री नव्हे, आणि चुलीच्या उबेजवळ, जाळापासून दूर बसून, वाळेपर्यंत मोकळी सोडावी. ओली बांधू नये. जाड तेल थापू नये, कारण ते आत जात नाही, वर धूळ धरते. डोक्यावर उंच घट्ट बांधू नये. त्या ओझ्याने मान दुखते आणि कपाळावरचे केस मुळापासून ओढले जाऊन कायमचे जातात. आणि भंडारा लावणे बंद करावे. एक महिना एवढे करून पाहा. देवी कोपते की खाज कमी होते, हे आपले आपणांस कळेल. मी सांगावयास नको.

ज्या भगिनीचे मन कापण्याकडे वळले असेल तिच्या घरच्यांस मला चार शब्द सांगावयाचे आहेत. बळजबरी करू नका. निजलेल्या बाईची जट कापण्याचे पराक्रम काही अतिउत्साही मुले करतात. त्याने अंधश्रद्धा जात नाही, बाईचा विश्वास मात्र जातो. तिला अगोदर विचारा, पुन्हा विचारा, आणि ती ‘हो’ म्हणाली की तिच्याच पसंतीच्या माणसाकडून, दिवसाउजेडी, कापून घ्या. गुंता नवा असेल तर कापण्याचेही कारण नाही. खोबरेल लावून बोटांनी, खालच्या टोकाकडून वर, थोडा थोडा सोडवला तर दोन-चार बैठकांत सुटतो. जुनी जट मात्र साध्या कात्रीने मुळाजवळ कापावी लागते. कापल्यावर टाळू नीट पाहा. जखम असेल, पू असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. पहिले काही दिवस बाईस मान हलकी वाटेल, डोक्यास गार लागेल, आणि मनातून धाकधूक होईल. त्या दिवसांत घरात कोणास थंडीताप आला की शेजारपाजार बोट दाखवणारच. त्यांना विचारा, गेल्या वर्षी जट डोक्यावर होती तेव्हा ह्या घरात ताप आला नव्हता काय?

आणखी एक गोष्ट. ती बोलावी की न बोलावी, असा मला विचार पडला होता. जट असलेल्या बाईस घरात मान असतो. मंगळवारी तिच्या पाया पडतात, तिला कोणी हात उगारीत नाही, दारू पिऊन आलेला नवराही तिला बिचकतो. कित्येक जणींच्या आयुष्यात एवढाच काय तो मान आलेला असतो. तो सोडावयास तिचे मन घेत नाही, ह्यात तिचे अज्ञान किती आणि शहाणपण किती, हे ठरवणे मला कठीण वाटते. जट उतरल्यावर जर तिच्या वाट्यास शिव्या आणि मार येणार असतील, तर तिने ती का उतरवावी? बंधूंनो, हा प्रश्न मी आपणांस विचारते आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांत दारू न पिण्याची आहे, सर्व माणसे समान मानण्याची आहे. त्या आपण घरात पाळल्यात तर तिला देवीचा आधार लागणार नाही.

राहिली रोजच्या निगेची गोष्ट. ती मोठ्या खर्चाची नाही. आठवड्यातून एक दिवस डोके धुण्याचा ठरवावा, आणि तो घरातील सर्वांचा असावा. मुलींच्या डोक्यात रोज रात्री फणी फिरवावी. सकाळच्या घाईत ते होत नाही, रात्री होते. आईस वेळ नसेल तर बापाने करावे. बापाने मुलीची वेणी घातली म्हणून त्याच्या मिशीस काही होत नाही. दात घासण्यास मशेरी लावणे मात्र भगिनींनी सोडलेच पाहिजे. ती दात घासणे नव्हे, ती जाळलेली तंबाखू आहे. तिने तोंडाचा कर्करोग होतो, हे डॉक्टर सांगून थकले. पाचवे शील मद्याबरोबर प्रमाद आणणाऱ्या सर्व व्यसनांबद्दल आहे, ते केवळ पुरुषांसाठी नाही. महिन्याच्या दिवसांतली फडकी अंधारात, कपड्यांखाली दडवून वाळवू नका. त्यांना ऊन दाखवा. आणि घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर तळाशी उरेल ते खाण्याची चाल बंद करा. ती आपल्या आयांनी फार सोसली.

हे सारे एकदम होणार नाही. फणी रोज सापडेल अशा जागी, खुंटीला बांधून ठेवा. सवय लागण्यास अशा लहान युक्त्यांचाच उपयोग होतो.

आता मी थांबते. ज्या भगिनींना सर्वांसमक्ष बोलण्याचा संकोच वाटत असेल त्यांनी सभा संपल्यावर मागच्या खोलीत यावे. तेथे पुरुष असणार नाहीत. मी बरोबर कात्री आणलेली नाही, हे अगोदरच सांगून ठेवते. शिकेकाई आणली आहे, आणि चुलीवर पाणी तापत ठेवले आहे. पदर बाजूला सारून टाळू दाखवली तरी आजच्यापुरते पुष्कळ झाले.